पडद्यापलीकडून याकूबभाई

आमच्या क्लिनिकच्या इको रूममध्ये दोन कॅसरोल असायचे. एकात याकूबभाईंच्या दुपारच्या तांदळाच्या भाकऱ्या, दुसऱ्यात गरम पाण्यात उभी केलेली जेलची बाटली. एकावर एक फुकट मिळालेले, त्यामुळे दिसायला जुळे. एक नवी नर्स पहिल्याच दिवशी उत्साह दाखवायला गेली आणि तिनं भाकऱ्यांवर किटलीभर उकळतं पाणी ओतलं. याकूबभाईंनी झाकण उघडलं, आत बघितलं, चमचा मागवला आणि म्हणाले, "आज पेज हाय." मीठ घालून ती सगळी संपवली. नर्स रडायला लागली तेव्हा तिलाच विचारलं, "तू जेवलीस का?"

इको म्हणजे छातीवर एक गुळगुळीत दांडी फिरवून पडद्यावर चालतं हृदय बघायचं. सुई नाही, रक्त नाही, दुखत तर अजिबात नाही. दांडी नीट फिरावी म्हणून छातीला जेल लावतात, आणि एसीच्या खोलीत ते बर्फासारखं लागतं. "माणूस आधीच घाबरून आलेला. ताना अजून गारठवायचा कशाला?" असं याकूबभाई म्हणायचे. क्लिनिकच्या साहेबांनी विचारलं तर मात्र, थंड जेलनं पेशंट दचकतो, श्वास चुकतो आणि चित्र बिघडतं, असं शास्त्रीय कारण द्यायचे. चांगुलपणा पकडला गेला की त्यांना फार संकोच व्हायचा.

याकूब मुकादम मूळचे दाभोळच्या खाडीकाठचे. उंच, काटकुळे, शर्टाला इस्त्री कडक, खिशात दोन पेनं आणि एक पेन्सिल. मस्कतच्या बौशर भागातल्या आमच्या त्या दुमजली क्लिनिकमध्ये ते इको काढायचे आणि मी शेजारच्या खोलीत ईसीजी. मी इस्लामपूरची. नवऱ्याच्या नोकरीमागून मस्कतला आले आणि घरी बसून कंटाळले म्हणून कामाला लागले. पहिल्या दिवशी मी ईसीजीच्या वायरी उलट्या लावल्या, तेव्हा याकूबभाई कागद बघून एवढंच म्हणाले, "सुजाता, या हिशोबानं हा माणूस उलटा टांगलेला हाय." त्या दिवसापासून माझं त्यांच्याशी जमलं.

इको मी शिकले ते एका पडद्यामुळे. आमच्याकडे येणाऱ्या बायकांना, ओमानी काय आणि आपल्या काय, पुरुषानं छातीची तपासणी केलेली नको असे. इको काढणारी बाई क्लिनिककडे नव्हती. मग याकूबभाईंनी खोलीच्या मधोमध हिरवा पडदा लावून घेतला आणि मशीनची एक वायर पलीकडच्या जुन्या मॉनिटरला जोडली. पडद्याच्या अलीकडे पेशंट आणि हातात दांडी घेतलेली मी, पलीकडे स्टुलावर ते. तिथून आवाज यायचा, "खाली उतर. अजून. मनगट वळव गो, खांदा नाय. थांब. आता तिना श्वास सोडून धरायला सांग." मी रेडिओ ऐकत पुरणपोळी लाटणाऱ्या नव्या सुनेसारखी घामाघूम व्हायचे. सहा महिन्यांत हात बसला. तपासणी झाली की पलीकडून एकच शब्द यायचा, "खलास." मग मी टिश्यू द्यायचे.

त्यांचा खरा कडक नियम होता चेहऱ्याचा. "पेशंट मशीनकडं बघत नाय. ताना त्यातला काय कळतंय? तो तुझ्या तोंडाकडं बघतो. तोंड दगडासारखा ठेवायचा. चांगला दिसला तरी दगड, वाईट दिसला तरी दगड. सांगायचं काम डॉक्टरबाईंचं." हा नियम मला फार जड गेला. माझ्या मनातलं माझ्या तोंडावर लिहिलेलं असतं, असं माझी आई म्हणायची. याकूबभाई मला सरावासाठी भर दुपारी गावातल्या काझींच्या बकऱ्याचे किस्से सांगायचे आणि मी हसले की पुन्हा पहिल्यापासून. दगड होणं जमेना तेव्हा त्यांनी मला पाढे म्हणायला लावले. मनातल्या मनात एकोणतीसचा पाढा म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडावर काहीही दिसत नाही, हा त्यांचा शोध आहे आणि तो शंभर टक्के खरा आहे.

दुसरा नाद घराण्याचा. आमच्या फॉर्मवर एक रकाना होता, कुटुंबात कुणाला हृदयरोग आहे का? सगळे 'नाही' लिहायचे. त्या 'नाही'वर याकूबभाईंचा विश्वास नव्हता. "मासा कल्ल्यावरनं ओळखावा आणि माणूस कुळावरनं," असं म्हणत ते फॉर्म बाजूला सारायचे आणि त्यांचा प्रश्न विचारायचे, "घरात कोण लवकर गेला?" मग माणसं बोलायची. कुणाचा मामा बुडाला होता, कुणाची बहीण फिट येऊन गेली, कुणाला नजर लागली होती. ईसीजीच्या कागदाच्या पाठीवर याकूबभाई वंशवेल काढायचे. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. आजार असलेला काळा भरायचा, नसलेला रिकामा, न तपासलेल्याच्या पोटात प्रश्नचिन्ह. मोठी माणसं पेनानं, मुलं पेन्सिलीनं.

"मुलं पेन्सिलीनं का?" मी विचारलं होतं.

"वाढतं वय हाय गो. काळजाची भिंत आज पातळ दिसली तरी पुढं जाड होईल. दर वर्षी बघायचं आणि दर वर्षी लिहायचं. पेनानं लिहायला आपण कोण?"

ते ज्याच्या मागावर असायचे तो आजार घराण्यातून येतो. हृदयाचा स्नायू, विशेषतः मधली भिंत, कारण नसताना जाड होत जातो. पुष्कळांना वर्षानुवर्षं काही होत नाही, आणि एखाद्याला मात्र धावताना, पोहताना, गाडी चालवताना ठोके एकदम भरकटतात आणि सगळं तिथंच संपतं. मागे राहिलेले म्हणतात बुडाला. पण ईसीजी आणि इको वेळेत झाले तर कळतं, औषधं आहेत, जपता येतं. याकूबभाईंना राग यायचा तो याचा, की इतक्या साध्या तपासणीनं कळणारी गोष्ट माणसं नशिबावर घालून मोकळी होतात.

खाबुरा गावची एक ओमानी म्हातारी धाप लागते म्हणून आली होती. फॉर्मवर 'नाही'. मी दांडी धरलेली, भिंत जाड दिसतेय, माझा पाढा चाललेला. पडद्यापलीकडून याकूबभाईंनी त्यांच्या मोडक्या अरबीत तो प्रश्न विचारला. म्हातारी छताकडे बघत सांगू लागली. एक मुलगा खजुराच्या झाडावरून पडला. तो झाडावरच वाढलेला होता. भाऊ पिकअप चालवत होता, रस्ता सरळ, समोर कुणी नाही, गाडी हळूहळू वाळूत उतरली. पलीकडे पेन कागदावर चाललेलं मला ऐकू येत होतं. याकूबभाईंनी तिच्यासोबत आलेल्या दुसऱ्या मुलाला बाहेर बोलावून सांगितलं, सगळ्यांना घेऊन या. पुढच्या शनिवारी दोन पिकअप भरून माणसं आणि लिंबांची दोन खोकी आली. एका नातीची भिंत जाड निघाली. ती आता दर वर्षी येते, लग्न झालं, मूलही आहे. लिंबं अजून येतात.

हे सगळं मी घरी कौतुकानं सांगत असायचे. मग एका ईदेला आम्हाला त्यांच्या घरी जेवायचं बोलावणं आलं. हमीदाभाभींनी तांदळाची गोड सांदणं केली होती. त्यांची एकुलती एक मुलगी झोया तेव्हा दहावीत, शाळेच्या बास्केटबॉल टीमची कॅप्टन. मराठी बोलताना शब्द शोधायला थांबायची आणि तेवढ्यात अब्बा तिची नक्कल करायचे. भिंतीवर एका देखण्या तरुणाचा जुना फोटो होता. मी सहज विचारलं.

"थोरले भाऊजी, इस्माईल," भाभी म्हणाल्या. "खाडीत बुडले. पोहण्यात एवढे हुशार, समोरच्या काठाला जाऊन परत यायचे हो. आणि सासरे त्याच्या आधी चार वर्षं, नमाजाआधी हातपाय धुता धुता पडले. चाळिशीसुद्धा नव्हती."

माझा घास हातात राहिला. मी याकूबभाईंकडे बघितलं. त्यांचा चेहरा दगड होता. त्यांनी सांदणांची ताटली माझ्याकडे सरकवली आणि झोयाच्या मॅचबद्दल बोलायला लागले.

दुसऱ्या दिवशी मी सरळ विचारलं, तुमची इको कधी झाली? माझ्या जिभेला हाड नाही हे सगळ्या क्लिनिकला माहीत होतं. याकूबभाई माझ्यावर एकदाच चिडले, ते तेव्हा. "आपलं काम कर," म्हणाले आणि आठवडाभर कामापुरतंच बोलले. जगाची कुळं काढणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या चौकोनात प्रश्नचिन्ह होतं, आणि त्याखाली पेन्सिलीनं काढायचा एक गोल होता, जो कोर्टावर धावत होता. मला तेव्हा त्यांचा राग आला होता. आता येत नाही.

महिन्यातून एकदा आम्ही छोटं मशीन गाडीत घालून सोहार औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कामगार तपासायला जायचो. तिथं संतोष गुरव नावाचा लांज्याकडचा वेल्डर भेटला. तिशीतला, दंड भरलेले, कुठलीही तक्रार नाही. पण वायरी नीट लावूनही त्याच्या ईसीजीच्या लाटा उलट्या होत्या. याकूबभाईंनी त्यांचा नेहमीचा प्रश्न विचारला.

"भाऊ गेला," संतोष म्हणाला. "शिमग्याला पालखी नाचवताना पडला. गावात बोलले, मानपानात काय तरी चुकला."

"झोप इकडं. दोन मिनिटांत इको काढतो."

संतोष उठून उभा राहिला. "नको भाई. विझाचं मेडिकल झालंय ना माझं? पास हाय मी. हे अजून कशाला?"

आखातात आलेल्या आपल्या माणसांचं हे एक पक्कं गणित असतं. तपासणी म्हणजे विझा. पास म्हणजे नोकरी, नापास म्हणजे परतीचं विमान. त्याहून जास्त बघायला गेलं की काहीतरी निघणार आणि अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, कानावर जाणार. याकूबभाईंनी परोपरीनं समजावलं की या तपासणीचा विझाशी संबंध नाही, ती कंपनीच्या यादीतसुद्धा नाही, कागद तुझ्या हातात देणार. संतोष ऐकून घेत होता. त्याला पटत होतं आणि तरी तो बसत नव्हता.

"दोन पोरं हायत घरी," तो म्हणाला. मग अगदी साधेपणानं, टोमणा म्हणून नव्हे, त्यानं विचारलं, "भाई, तुम्ही रोज एवढ्यांची काळजं बघता. तुमचं कोणी बघितलंय?"

याकूबभाई दांडी पुसत होते. ती आधीच स्वच्छ होती. "नाय," ते म्हणाले.

"मग?" संतोष म्हणाला आणि कामावर गेला.

परतताना वाटेत खाबुराला चहाला थांबलो. याकूबभाईंचा कप तसाच राहिला. कपाकडे बघत ते म्हणाले, "मना मरणाची भीती नाय गो. पण माझ्यात निघाला तर मग पोरीत बघायला लागेल. नाय बघितला तवर ती चांगली हाय."

मी म्हणाले, "इस्माईलभाईसुद्धा चांगलेच होते, खाडीत उतरेपर्यंत."

बोलल्याबरोबर जीभ चावली. असं कुणी बोलतं का? त्यांनी चहाचे पैसे दिले आणि गाडीकडे चालू लागले. परतीचा सगळा रस्ता मी खिडकीबाहेर बघत स्वतःला शिव्या घालत बसले.

त्यानंतर दोन आठवड्यांनी, दुपारी क्लिनिक बंद असतं त्या वेळात त्यांनी मला इको रूममध्ये बोलावलं. दाराला कडी लावून शर्ट काढला, घडी करून खुर्चीवर ठेवला आणि डाव्या कुशीवर झोपले. "मशीन माझ्याकडं फिरवू नको," म्हणाले. मी कॅसरोलमधून बाटली काढली. तेवढंच मला त्यांच्यासाठी करता येत होतं.

त्या दिवशी पहिल्यांदा पलीकडून आवाज आला नाही. खाली उतर नाही, मनगट वळव नाही. सगळं माझं मलाच करायचं होतं. मधली भिंत समोर आली आणि मला मोजायच्या आधीच कळलं. तरी मोजली. अठरा मिलिमीटर, हवी बाराच्या आत. पुन्हा मोजली. याकूबभाई मान वळवून माझ्या तोंडाकडे बघत होते आणि मी एकोणतीसचा पाढा म्हणत होते. एकोणतीस सातेपाशी तो पाढा चुकला आणि मी पुन्हा एकोणतीस एकेपासून सुरू केला.

"किती?" त्यांनी विचारलं.

"डॉक्टरबाई सांगतील."

ते हसले. "चांगली शिकवलीय मी तुना." मग उठून बसत, टिश्यूनं छाती पुसत म्हणाले, "पण नॉर्मल असता तर तू असली गप्प राहिली नसतीस गो."

त्यावर मी रडले. ते शर्टाची बटणं लावत मला पाणी देत होते. संध्याकाळी त्यांनी माझ्यासमोरच सोहारला फोन लावला, "संतोष, माझी झाली. निघाला माझ्यात. अजून नोकरीवर हाय, जिवंत पण हाय. आता तू ये." शुक्रवारी आमचं क्लिनिक बंद असतं, पण त्या शुक्रवारी ते संतोषसाठी उघडलं. तो बसनं आला होता. त्याचंही निघालं. औषधं सुरू झाली, अवजड काम बंद झालं, सुपरवायझर थोडे दिवस कुरकुरला. त्याचा विझा पुढे वेळेवर झाला. गावाकडे दोन्ही पोरांची तपासणी त्यानं फोनवरून भांडून करून घेतली.

याकूबभाईंचं स्वतःचं रीतसर सुरू झालं. गोळ्या, दिवसभर कमरेला बांधायचं ठोके टिपणारं यंत्र, मोठ्या हॉस्पिटलात एमआरआय. सगळं मुकाट्यानं केलं. फक्त झोयाचं नाव काढलं की आज परीक्षा आहे, उद्या मॅच आहे. खेळ तेवढा आठवड्यातून दोन दिवसांवर आणला, कारण न सांगता, आणि पोरगी घरात रुसून बसली. असे चार महिने गेले.

मग एका सकाळी फाइलींचा गठ्ठा घेऊन ते नेहमीसारखे दारात आले, वरची फाइल उघडली आणि नाव पुकारायला तोंड उघडून थांबले. झोया याकूब मुकादम. हमीदाभाभींनी नवऱ्याला न सांगता काउंटरवर पैसे भरून नंबर घेतला होता आणि रांगेत सहाव्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. शेजारी झोया, शाळेच्या गणवेशात, पायात खेळाचे बूट.

"आमचा नंबर हाय," भाभी म्हणाल्या. "बायकांचा पडदा हाय ना तुमच्याकडं?"

याकूबभाई पडद्यापलीकडे गेले. स्टूल ओढल्याचा आवाज आला. झोया झोपली, मी जेल लावलं.

"आंटी, हे कोल्ड नाहीये," ती म्हणाली.

"तुझे अब्बा गरम करून ठेवतात."

"एव्हरी डे? सगळ्यांसाठी?"

"सगळ्यांसाठी."

पलीकडून आवाज आला, "खाली उतर. मनगट वळव. थांब." आवाज रोजचाच होता. मधली भिंत मशीनच्या स्क्रीनवर आली. मी मोजली. आठ मिलिमीटर. छान, पातळ, एकसारखी भिंत, पुस्तकात छापावी अशी. झोया माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मी दगड होते. पुढची सूचना येईना. मी वाट बघितली. मग हाक मारली, "याकूबभाई, पुढे?"

काही नाही. मी हात लांब करून पडदा सारला. याकूबभाई स्टुलावर दोन्ही हातांनी तोंड झाकून बसले होते आणि त्यांचे खांदे हलत होते. समोर मॉनिटरवर त्यांच्या पोरीचं हृदय चाललं होतं. झोयानं मान उचलून बघितलं आणि तिचा रंगच उडाला.

"अब्बा? अब्बा, वाईट आहे का?"

इतकी वर्षं जी गोष्ट होऊ नये म्हणून त्यांनी मला पाढे म्हणायला लावले, ती त्यांनीच केली होती. पेशंट तोंडाकडे बघतो. ते घाईघाईनं उठले, स्टूल पडलं. "नाय गो, नाय. चांगला हाय. एकदम चांगला हाय," म्हणत रडत होते आणि हसतही होते. झोयाला काय खरं मानावं तेच कळेना. दाराशी भाभी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आधी नाक पुसा." 'खलास' त्या दिवशी कुणीच म्हणालं नाही.

ईसीजीही चांगला निघाला. डॉक्टरबाईंनी सांगितलं, आज काही नाही, पण वय वाढतं आहे, दर वर्षी यायचं. त्या दुपारी याकूबभाईंनी स्वतःच्या घराण्याची वेल काढली. वडील आणि इस्माईल, दोघांच्या चौकोनांत पेनानं प्रश्नचिन्ह, कारण त्यांना आता कोण तपासणार. स्वतःचा चौकोन काळा भरला, अगदी कोपऱ्यापर्यंत. झोयाचा गोल पेन्सिलीनं, आत काही नाही, खाली तारीख.

गेल्या वर्षी ते ओमान सोडून गेले. झोयाचं कॉलेज मुंबईत ठरलं होतं, आणि त्यांच्या ठोक्यांत अधूनमधून गडबड दिसायला लागल्यामुळे छातीत एक छोटं यंत्र बसवून घ्यायचं होतं, तेही तिकडेच. शेवटच्या दिवशी दोघं बापलेक तपासणीला आले. झोयाची भिंत तशीच होती, आठ. या वेळी पलीकडचा आवाज शेवटपर्यंत नीट टिकला, पण 'खलास' म्हणताना थोडा वर गेला. मग ते स्वतः झोपले. त्यांची भिंत अठराच होती, केसभरही वाढलेली नव्हती. मला इतकं बरं वाटलं की मी पाढा विसरले.

"तोंड," याकूबभाई म्हणाले.

"आता तुम्ही साहेब नाही माझे," मी म्हणाले. "खलास, उठा."

ते उठले, बटणं लावली, दोन्ही कॅसरोलांकडे बघितलं आणि जेलचा माझ्याकडे सरकवला. भाकरीचा काखेत मारला. खिशाला हात लावून बघितलं, दोन पेनं होती, पेन्सिल कुठंतरी पडली होती. मग माझ्या टेबलावरची पेन्सिल उचलून टोक अंगठ्यावर तपासलं आणि खिशात ठेवली.

"ही घेऊन जातो गो," म्हणाले. "पोरीचा पुढच्या वर्षीचा लिहायचा हाय."